तळघरातली खोली धंद्यासाठी तयार करताय? बजेट कसं काढायचं (आकड्यांसह पूर्ण उदाहरण)



व्हिडिओमध्ये आकडे भराभर पुढे गेले, म्हणून तोच धडा इथे सविस्तर देतोय. वही-पेन घेऊन बसा. कॅल्क्युलेटरही जवळ ठेवा.

बंगला असेल, रो हाउस असेल किंवा उताराच्या प्लॉटवरचं घर असेल, तर बऱ्याचदा खाली एक अर्धी जमिनीत गेलेली खोली असते. तिथे जुनी सायकल, गेल्या गणपतीचं मखर, रंगाचे रिकामे डबे आणि मोडकी खुर्ची असं सगळं पडलेलं असतं. धंदा सुरू करायचं डोक्यात आलं की पहिली नजर या खोलीवर जाते. ‘घरचीच जागा आहे, भाडं कशाला भरायचं?’ विचार अगदी बरोबर आहे. पण घरची जागा म्हणजे फुकटची जागा नव्हे. ती वापरायोग्य करायला पैसे लागतात, आणि ते पैसे धंद्याच्या भांडवलातूनच जातात.

आजच्या धड्याचं एकच सूत्र आहे, ते वहीत सगळ्यात वर लिहा: खोली कमावत नाही, माल कमावतो. खोलीवर किती खर्च करायचा हे खोलीकडे बघून ठरवायचं नसतं, भांडवलाकडे बघून ठरवायचं असतं.

आपलं उदाहरण

समजा, एका ताईंना तांब्या-पितळेची भांडी ऑनलाइन विकायची आहेत. पुण्याची तांबट आळी आणि नाशिकचा भांडी बाजार आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या प्रसिद्ध आहेत. तिथून माल आणायचा, फोटो काढायचे, ऑर्डर आली की पॅक करून पाठवायचं. माल ठेवायला घराखालची २० फूट बाय १५ फूट खोली आहे, उंची ९ फूट. तीन बाजूंनी माती, चौथी बाजू रस्त्याकडे मोकळी. पावसाळ्यात भिंतींना ओल येते.

हा माल मुद्दाम निवडलाय. दमट हवेत तांबं-पितळ काळवंडतं, पॅकिंगचे खोके मऊ पडतात आणि ग्राहकाकडे डागाळलेला तांब्या गेला की माल परत येतो. म्हणजे या खोलीत ओल हा सौंदर्याचा प्रश्न नाही, थेट नफ्या-तोट्याचा प्रश्न आहे.

खालचे सगळे दर उदाहरणासाठी धरलेत. तुमच्या गावात वेगळे असतील. पद्धत माझी घ्या, दर तुमच्या गावचे टाका.

पायरी १: आधी मर्यादा ठरवा, मग गवंड्याला बोलवा

बहुतेक लोक उलटं करतात. आधी कॉन्ट्रॅक्टरला खोली दाखवतात, तो आकडा सांगतो, मग पैसे जुळवायला लागतात. आपण असं करायचं नाही. आधी एकूण भांडवल लिहायचं, त्यातून धंद्याला लागणारे पैसे बाजूला काढायचे आणि जे उरेल तेवढंच खोलीचं बजेट.

ताईंकडे स्वतःचे ३ लाख आहेत. मुद्रा योजनेच्या ‘किशोर’ गटातून, म्हणजे ५० हजारांच्या वर ते ५ लाखांपर्यंतच्या गटातून, आणखी ३ लाखांचं कर्ज मिळेल असं धरू. एकूण भांडवल ६,००,००० रुपये.

आता वजा करत जाऊ.

- पहिला माल: २,००,००० रुपये. सरासरी ८०० रुपये खरेदीची २५० भांडी.
- संगणक, लेबल प्रिंटर, वजनकाटा, फोटोसाठी दिवे: ३२,००० रुपये.
- सहा महिन्यांचा चालू खर्च: १,०८,००० रुपये.

हा चालू खर्च कसा आला? ३ लाख, ११ टक्के व्याज आणि तीन वर्षांची मुदत धरली तर कर्जाचा हप्ता महिन्याला सुमारे ९,८०० रुपये येतो. वीज आणि इंटरनेट २,२००, पॅकिंगचं सामान ३,०००, जाहिरात ३,०००. झाले महिन्याला १८,०००. गुणिले सहा.

तिन्ही मिळून ३,४०,००० रुपये. सहा लाखांतून हे वजा केले की उरले २,६०,०००. हीच खोलीची कमाल मर्यादा. यापुढे एक रुपयाही खोलीवर जाणार नाही. हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि कपाटाला चिकटवा.

एक गोष्ट इथे लक्षात घ्या. कर्ज हातात आलं की हप्ता लवकरच सुरू होतो, तो खोलीचं काम संपायची वाट बघत नाही. सहा महिन्यांतले दोन महिने बांधकामात गेले तर विक्री वाढवायला चारच महिने उरतात. म्हणून बँकेशी बोलून कर्जाची रक्कम टप्प्याटप्प्याने उचलता येते का, ते आधीच विचारा.

पायरी २: हा वापर चालतो का?

खर्च करण्याआधी घराचा मंजूर नकाशा काढा. त्यात ही खोली काय म्हणून दाखवली आहे? पार्किंग, स्टोअर, तळघर की तळमजला? मुंबई आणि काही ठरावीक क्षेत्रं सोडून राज्यात २०२० पासून एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तळघर हे साधारणपणे राहण्यासाठी धरलं जात नाही. पार्किंग, सहसा पेट न घेणाऱ्या वस्तूंची साठवण, यंत्रसामग्री असे ठरावीक वापर त्यात चालतात. भांडी ठेवणं आणि कापसाच्या गाद्या ठेवणं यात म्हणूनच फरक पडतो. माणसं दिवसभर बसतील असं काम, शिकवणी किंवा स्वयंपाक असेल तर आणखी काळजी घ्या.

तुमच्या खोलीत नेमका कोणता वापर चालेल, हे आर्किटेक्टकडून किंवा नगरपालिकेच्या बांधकाम विभागातून समजून घ्या. सोसायटी असेल तर तिची लेखी संमती लागेल. व्यवसायासाठी वापर केला तर मालमत्ता कर आणि वीज जोडणीचा दर बदलतो का, तेही विचारा. हे दोन बदल झाले तर ते महिन्याच्या चालू खर्चात धरावे लागतील.

आणि मातीच्या बाजूच्या भिंतीत खिडकी फोडायचा विचार मनातही आणू नका. ती भिंत नुसती आडोसा नाही, मागची माती तिने धरून ठेवलेली असते. आधी इंजिनिअरला दाखवायचं, मग पुढचं.

पायरी ३: ओल कुठून येते ते शोधा

बजेटमधला सगळ्यात मोठा आकडा या पायरीवर ठरतो. ओलीचे प्रकार तीन आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

*वरून येणारं पाणी.* गच्चीचा पाइप भिंतीच्या पायाशीच सुटलाय का? अंगणाचा उतार घराकडे आहे का? मागच्या बाजूला झाडांना पाणी घालता तिथे डबकं होतं का? असं असेल तर आत लाखभर रुपयांचं काम करण्याआधी बाहेर काही हजारांत पाइप वळवा, उतार फिरवा. बऱ्याच खोल्यांची निम्मी ओल इथेच थांबते.

*भिंतीतून, जमिनीतून झिरपणारं पाणी.* प्लास्टरचे पोपडे निघतात, भिंतीवर पांढरी पावडर फुटते, म्हणजेच लोणा लागतो.

*हवेतला दमटपणा.* खोली बंद असते, हवा खेळत नाही, गार भिंतीवर बाष्प धरतं आणि बुरशीचा वास येतो.

दुसरा आणि तिसरा प्रकार ओळखायची साधी युक्ती आहे. दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावा. तसाच एक जमिनीवर लावा. एक-दोन दिवस राहू द्या. थेंब कागदाच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. थेंब पुढच्या बाजूला, खोलीकडे दिसले तर ते हवेतलं बाष्प आहे. पहिल्या प्रकरणात वॉटरप्रूफिंग लागेल. दुसऱ्यात कदाचित दोन एक्झॉस्ट पंख्यांवर भागेल. पाच रुपयांच्या प्लास्टिकने हजारो रुपयांचा निर्णय होतो, बघा.

ही चाचणी पावसाळ्यातच करा. मार्चमध्ये प्रत्येक तळघर कोरडंच दिसतं.

पायरी ४: मोजमाप स्वतः करा

मेजरिंग टेप घ्या आणि हे आकडे काढा.

- जमीन: २० गुणिले १५ = ३०० चौ. फूट. छतही तेवढंच.
- चारही भिंती: परिघ ७० फूट गुणिले उंची ९ = ६३० चौ. फूट.
- वजा दार आणि दोन खिडक्या: सुमारे ५७ चौ. फूट. उरल्या ५७३.
- मातीकडच्या तीन भिंती: लांबी १५ + २० + १५ = ५० फूट, गुणिले ९ = ४५० चौ. फूट.

हे का करायचं? कारण ‘चौरस फुटाचा दर’ हा शब्द फसवा आहे. कोणी जमिनीच्या चौरस फुटावर दर सांगतो, कोणी भिंतीच्या. ३०० आणि ६३० मध्ये दुपटीहून जास्त फरक आहे. शिवाय तो दर नुसत्या मजुरीचा आहे की मालासकट, हेही विचारायचं. कोणी ‘ब्रास’मध्ये बोलला तर क्षेत्रफळाचा ब्रास म्हणजे १०० चौ. फूट आणि वाळू-खडीचा ब्रास म्हणजे १०० घनफूट. मोजमाप तुमच्या वहीत असेल तर समोरचा माणूस बोलताना आपोआप नीट बोलतो.

पायरी ५: चार थरांत अंदाजपत्रक

खर्चाची यादी चार थरांत लिहायची. पहिला थर पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. पैसे कमी पडले तर कात्री शेवटच्या थरापासून मागे लावायची.

*थर १: कोरडेपणा*

- बाहेरचा पाइप वळवणं, उतार, भिंतीलगत फरसबंदी: १८,०००
- मातीकडचं जुनं प्लास्टर काढणं, ४५० गुणिले १२: ५,४००
- आतून सिमेंटवर आधारित वॉटरप्रूफ कोटिंग, ४५० गुणिले ५५: २४,७५०
- नवं प्लास्टर, ४५० गुणिले ५५: २४,७५०
- जमिनीवर ओलरोधक कोट, ३०० गुणिले ३०: ९,०००
- राडारोडा उचलणं: ३,५००
- बेरीज: ८५,४००

खरं तर वॉटरप्रूफिंग बाहेरून, पाणी येतं त्या बाजूने केलेलं सगळ्यात चांगलं. पण बांधलेल्या घरात तीन बाजूंची माती उकरणं महाग पडतं आणि धोक्याचंही असतं. म्हणून बाहेर पाणी वळवायचं आणि आतून कोटिंग करायचं. जुन्या प्लास्टरवर नुसता ‘डॅम्पप्रूफ’ रंग मारून चालत नाही. मागचं पाणी तो रंग एक-दोन पावसाळ्यांत ढकलून काढतं.

*थर २: वीज, हवा, उजेड*

- १४ पॉइंट, प्रत्येकी ९००: १२,६००
- वितरण पेटी, शॉक लागू नये म्हणून ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, अर्थिंग: ९,०००
- सहा एलईडी दिवे: २,७००
- दोन एक्झॉस्ट पंखे: ४,४००
- खिडक्यांची दुरुस्ती आणि जाळी: ६,०००
- बेरीज: ३४,७००

ओलीच्या भिंतीत वायरिंग लपवू नका. बाहेरून पाइपातून न्या, पुढे दुरुस्तीला भिंत फोडावी लागणार नाही. पंखे किती क्षमतेचे घ्यायचे? खोलीचं घनफळ २० गुणिले १५ गुणिले ९ = २,७०० घनफूट. तासाला सहा वेळा हवा बदलायची असं धरलं तर १६,२०० घनफूट, म्हणजे मिनिटाला २७० घनफूट. घनमीटरमध्ये तासाला साधारण ४६०. पंख्याच्या खोक्यावर हा आकडा छापलेला असतो. दोन पंख्यांची बेरीज तेवढी भरली पाहिजे, आणि हवा आत यायलाही समोर वाट पाहिजे.

*थर ३: टिकाऊ फिनिश*

- टाइल्स, तुटफूट धरून ३३० चौ. फूट गुणिले ४५: १४,८५०
- टाइल्स बसवणं, सिमेंट-वाळूसह, ३०० गुणिले ४०: १२,०००
- स्कर्टिंग: १,९९५
- भिंती आणि छताचा रंग, ८७३ चौ. फूट गुणिले १६: १३,९६८
- दाराची दुरुस्ती आणि कुलूप: ७,०००
- बेरीज: ४९,८१३

*थर ४: काम करायचं सामान*

- पावडर कोटिंग केलेले चार लोखंडी रॅक, प्रत्येकी ६,५००: २६,०००
- पॅकिंगचं टेबल: ७,५००
- बेरीज: ३३,५००

रॅक घेताना एका फळीवर किती किलो चालतं ते विचारा. पितळ वजनदार असतं, कपड्यांच्या रॅकवर ते ठेवता येत नाही. आणि अशा खोलीत भिंतीला चिकटवलेली प्लायची कपाटं टाळा. मागे ओल आणि वाळवी दोन्ही धरतात आणि दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो. रॅक भिंतीपासून सहा इंच पुढे ठेवा.

पायरी ६: यादीत न दिसणारे खर्च

चार थरांची बेरीज २,०३,४१३ रुपये. इथे थांबलात तर बजेट फसलंच. यात मिळवा:

- इंजिनिअरची किंवा आर्किटेक्टची भेट: ५,०००
- टेम्पो, हमाली: ६,०००

झाले २,१४,४१३. यावर १५ टक्के राखीव रक्कम: ३२,१६२. एकूण २,४६,५७५ रुपये. आपली मर्यादा २,६०,००० होती. बसलं.

राखीव रकमेचा नियम कडक आहे. ती फक्त लपलेल्या गोष्टींसाठी. प्लास्टर काढल्यावर मागे पोकळ वीट निघाली, जुना पाइप गळका निघाला, अशा वेळी ती वापरायची. ‘त्यापेक्षा जरा बरी टाइल घेऊ’ यासाठी राखीव रक्कम नसते. काम संपल्यावर ती उरली तर खोलीत नाही, मालात घालायची.

आणि जीएसटी? दर नेहमी कर धरूनच लिहा. अनेकांना वाटतं, आपली नोंदणी आहे, भरलेला कर परत मिळेल. पण स्थावर मालमत्तेचं बांधकाम किंवा नूतनीकरण भांडवली खर्च म्हणून दाखवलं, तर त्यावरचं इनपुट क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे मिळत नाही. रॅक, प्रिंटर अशा वस्तूंची गोष्ट वेगळी असू शकते. तुमच्या सीएला प्रत्येक बिलाबद्दल विचारा, पण बजेट करताना ‘कर परत येईल’ हे गृहीत धरू नका.

पायरी ७: हौसेचं मोजमाप मालात करा

आता खरी परीक्षा. काम सुरू झालं की घरातले, पाहुणे, कॉन्ट्रॅक्टर सगळे सुचवायला लागतात. ‘फॉल्स सीलिंग करून टाका, २७ हजारांत होतंय.’ ‘एसी लावा, ४२ हजार.’ ‘काचेचं दार छान दिसेल, २८ हजार.’ एकेक गोष्ट ऐकायला लहान वाटते. तिन्हींची बेरीज ९७,००० रुपये. आपलं बजेट ३,४३,५७५ वर जातं, म्हणजे मर्यादेच्या वर ८३,५७५ रुपये.

हे पैसे कुठून येणार? मालातून. ८०० रुपयांचं एक भांडं धरलं तर ही १०४ भांडी झाली. अडीचशे भांड्यांचं दुकान उघडायचं होतं, ते १४६ भांड्यांवर आलं. ग्राहक तुमचं छत बघणार नाही, तो फोटो बघणार आहे. फोटोच काढायला भांडी कमी पडली तर सीलिंग काय कामाचं?

म्हणून माझा आग्रह आहे, खोलीवरचा प्रत्येक जादा खर्च रुपयांत लिहू नका, मालाच्या नगांत लिहा. ‘काचेचं दार = ३५ तांबे’ असं वहीत दिसलं की निर्णय आपोआप होतो. एसी नको असं माझं म्हणणं नाही. नफ्यातून घ्या, भांडवलातून नको.

परदेशी व्हिडिओंबद्दल एक शब्द. अमेरिकेत, कॅनडात तळघर तयार करताना काँक्रीटच्या भिंतीपुढे लाकडी चौकट उभी करतात, त्यात इन्सुलेशन भरतात आणि वर ड्रायवॉल लावतात. तिथल्या थंडीसाठी ती पद्धत बरोबर आहे. आपल्याकडे प्रश्न पावसाचा आहे. ओल्या भिंतीपुढे जिप्समचं पॅनल उभं केलं की ओल बरी होत नाही, फक्त झाकली जाते. त्यांची पद्धत आणि डॉलरमधले दर, दोन्ही आपल्या वहीत नकोत.

पायरी ८: भाड्याशी तुलना करा

एवढं केल्यावर एक प्रामाणिक प्रश्न विचारा: ही खोली तयार करायचीच का?

समजा तुमच्या भागात ३०० चौ. फुटांचा कोरडा गाळा महिन्याला ६,५०० रुपयांनी मिळतो. २,४६,५७५ भागिले ६,५०० म्हणजे साधारण ३८ महिने. तीन वर्षांहून जास्त काळ तुम्ही याच जागेतून धंदा करणार असाल तर खोली फायद्याची. वर्षभरात माल वाढून मोठी जागा लागेल असं वाटत असेल, किंवा धंदा चालेल की नाही याचीच खात्री नसेल, तर आधी गाळा भाड्याने घेऊन सहा महिने विकून बघा. भांडी नाही विकली गेली तर गाळा सोडता येतो. भिंतीला लावलेलं कोटिंग परत विकता येत नाही.

रॅक आणि टेबल मात्र दोन्हीकडे चालतात. म्हणून हलवता येईल असं सामान घेणं नेहमी शहाणपणाचं.

पायरी ९: कोटेशन आणि पैसे देण्याची पद्धत

तीन कोटेशनं घ्या, पण तिघांनाही तुमचीच यादी द्या. प्रत्येकाने आपापली यादी केली तर तुलना होत नाही. ठोक रक्कम घेऊ नका. कामागणिक दर आणि प्रत्यक्ष मोजमापावर बिल, असं लिहून घ्या. कोटिंग कोणत्या कंपनीचं, किती हात, प्लास्टर किती जाडीचं, हे लिहिलेलं असू द्या. सगळ्यात स्वस्त कोटेशन दिसलं तर आधी बघा, त्यात कोणतं काम सुटलंय.

आपल्या उदाहरणात बांधकामाचा भाग, म्हणजे थर १ आणि थर ३, सुमारे १,३५,००० रुपयांचा आहे. हप्ते असे पाडता येतील:

- काम सुरू करताना २० टक्के: २७,०००
- कोटिंग पूर्ण होऊन तपासल्यावर ३० टक्के: ४०,५००
- प्लास्टर आणि टाइल्स झाल्यावर ३० टक्के: ४०,५००
- रंग आणि साफसफाई झाल्यावर १० टक्के: १३,५००
- पहिला जोराचा पाऊस होऊन भिंती कोरड्या राहिल्यावर १० टक्के: १३,५००

शेवटची ओळ महत्त्वाची. काम दिवाळीनंतर होणार, पाऊस जूनमध्ये येणार. तोपर्यंत कॉन्ट्रॅक्टर थांबायला तयार नसेल तर निदान पाच टक्क्यांवर तडजोड करा आणि गळतीची लेखी हमी घ्या. हे काम सुरू होण्याआधी ठरवायचं, संपल्यावर नाही.

जादा कामाचा नियमही पहिल्या दिवशीच सांगा: आधी मोबाइलवर लिहून, किती चौरस फूट आणि काय दर. तुमचं ‘हो’ आल्याशिवाय काम नाही. तोंडी ‘साहेब, ते करून टाकलं’ याचं बिल मान्य नाही.

पायरी १०: वेळेचं बजेट

पावसाळ्यात ओल बघायची, दसरा-दिवाळीपर्यंत कोटेशनं घ्यायची, दिवाळीनंतर काम काढायचं. प्लास्टरवर निदान सात दिवस पाणी मारावं लागतं आणि रंगाआधी ते नीट सुकावं लागतं. घाईने रंग मारला तर आतलं पाणी अडकतं आणि पुन्हा पोपडे येतात. साधारण आठ आठवडे धरा. या काळात रिकामं बसू नका. वरच्या मजल्यावरच्या एका कोपऱ्यात वीस-पंचवीस भांडी ठेवून फोटो काढायला आणि विकायला सुरुवात करा. उद्यम नोंदणीही याच काळात करून घ्या, ती ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे. खोली तयार होईपर्यंत पहिल्या दहा ऑर्डरी गेलेल्या असल्या पाहिजेत. तेवढ्यातच कळेल की रॅक किती लागणार, टेबल केवढं हवं, आणि कदाचित यादीतला एखादा खर्च कमीही होईल.

या आठवड्याचा गृहपाठ

१. एकूण भांडवल लिहा. त्यातून पहिला माल, साधनं आणि सहा महिन्यांचा चालू खर्च वजा करा. खोलीची मर्यादा ठरवा.
२. मंजूर नकाशा शोधून खोलीचा वापर काय लिहिलाय ते बघा.
३. भिंतीवर आणि जमिनीवर प्लास्टिकची चाचणी करा, कागदाच्या कोणत्या बाजूला थेंब येतात ते टिपून ठेवा.
४. टेपने मोजून जमीन, छत, भिंती आणि मातीकडच्या भिंती, असे चार आकडे लिहा.
५. चार थरांची यादी करा. तुमच्या गावचे दर टाका आणि १५ टक्के राखीव धरा.
६. जवळच्या गाळ्याचं भाडं विचारा आणि किती महिन्यांत खोलीचा खर्च फिटतो ते काढा.

सहावा आकडा ३६ च्या खूप वर गेला, किंवा पाचवा आकडा पहिल्यापेक्षा मोठा आला, तर निराश होऊ नका. बजेट नेमकं यासाठीच काढायचं असतं. कागदावर थांबलेला खर्च हा वाचलेला माल असतो.

पुढच्या धड्यात हाच माल दर किती लावून विकायचा, कुरिअर आणि परत आलेल्या मालाचा खर्च किमतीत कसा धरायचा, ते बघू. तोपर्यंत वही भरून ठेवा.